घडविणे आणि खेळविणे



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना मैदानावर आणले, आणि आणलेल्या मुलाला खेळावयास मिळाले की नाही, याची चौकशी ते शेवटपर्यंत करीत राहिले. त्यांच्या स्मृतीस वंदन करावयाचे तर विषयही त्यांच्या नित्य चिंतेतलाच असावा, असे मला वाटले. म्हणून फुटबॉलच्या क्लबाने स्वतः वाढविलेल्या तरुण खेळाडूस प्रथम संघात, म्हणजे मैदानावरची मंडळी ज्याला ‘सीनियर टीम’ म्हणतात त्या संघात, संधी कशी द्यावी, हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. ही संधी प्रशिक्षकाच्या दयेवर किंवा एखाद्या मोठ्या खेळाडूच्या दुखापतीवर अवलंबून राहता कामा नये. ती संस्थेचा शिरस्ता झाली पाहिजे. मुलाला घडविणे हे अर्धे काम आहे, आणि उरलेले अर्धे, म्हणजे त्याला खेळविणे, जी संस्था करीत नाही तिने पहिल्या अर्ध्यावर केलेला खर्च आणि त्या मुलाने वेचलेली वर्षे ही दोन्ही व्यर्थ जातात.

नवी मुंबईला या प्रश्नाचा विचार करण्याचे विशेष कारण आहे. मुख्यतः क्रिकेटसाठी बांधलेल्या आणि २००८ मध्ये खुल्या झालेल्या नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतील सामने झाले. २५ ऑक्टोबर रोजी तेथे स्पेन आणि माली यांची उपांत्य फेरीत गाठ पडली आणि स्पेनने तो सामना ३-१ असा जिंकला. स्पेनचे पहिले दोन गोल आबेल रुइझ याचे होते. तिसरा होता फेरान टोरेस या, व्हॅलेन्सियाच्या क्लबात लहानाचा मोठा झालेल्या मुलाचा. त्या दिवशी जे प्रेक्षक गॅलरीत बसले होते, त्यांच्या दृष्टीने तो अनेक गुणी मुलांपैकी एक होता. परंतु त्या सामन्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३० नोव्हेंबर रोजी, व्हॅलेन्सियाने त्याला चषक स्पर्धेतील सामन्यात आपल्या प्रथम संघातून उतरविले, आणि १६ डिसेंबरला तो स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळला. २००० साली किंवा त्यानंतर जन्मलेला जो पहिला खेळाडू त्या लीगमध्ये मैदानावर आला, तो हाच.

त्याच स्पर्धेचा अंतिम सामना २८ ऑक्टोबरला कोलकात्यात झाला. इंग्लंडने स्पेनचा ५-२ असा पराभव केला, आणि त्यात दोन गोल करणारा फिल फोडेन स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. फोडेन मँचेस्टर सिटीच्या अकादमीतला. महिना उलटण्यापूर्वीच, २१ नोव्हेंबरला, फेयेनूर्डविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात त्याला बदली खेळाडू म्हणून प्रथम संघात पाय ठेवता आला. तो क्लब त्या वेळी अमाप पैसा बाळगून होता आणि मधल्या फळीत जगातले नाणावलेले खेळाडू त्याच्या पदरी होते; तरीही सतरा वर्षांच्या मुलासाठी शेवटची पंधरा मिनिटे राखून ठेवणे त्याला परवडले, कारण ती मिनिटे म्हणजे पुढील दहा वर्षांच्या मिळकतीचा पाया आहे, हे तेथील कारभाऱ्यांना उमगलेले होते.

आता आपल्या मुलांकडे वळू. भारताने त्या स्पर्धेतले तिन्ही सामने गमावले. तथापि ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर डोक्याने मारलेला गोल हा भारताचा जागतिक स्पर्धेतला पहिला गोल ठरला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. स्पर्धा आटोपल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने यांपैकी बहुसंख्य मुलांना ‘इंडियन अ‍ॅरोज’ या आपल्याच संघात एकत्र ठेवून आय-लीगमध्ये खेळविले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी गोव्यात या संघाने चेन्नई सिटीचा ३-० असा पराभव केला आणि त्यांतले दोन गोल अनिकेतने मारले. फेरान टोरेस व्हॅलेन्सियाच्या प्रथम संघात आला त्याच्या आदल्याच दिवसाची ही गोष्ट आहे.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे आपली उणीव ध्यानात येते. कोल्हापूरच्या मुलाच्या पायात धमक नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पहिल्याच सामन्यात दोन गोल मारणाऱ्यास तसे कोण म्हणेल? उणीव होती ती घराची. स्पेनचा मुलगा ज्या क्लबात वाढला त्याच क्लबाच्या प्रथम संघात, तिशीतल्या अनुभवी पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. अनिकेतला वाढविणाऱ्या पुण्याच्या अकादमीचा मूळ क्लब, पुणे एफ.सी., २०१५ नंतर मैदानातून उठला होता. ती अकादमी ज्या एफ.सी. पुणे सिटीने हाती घेतली, तोही २०१९ मध्ये बंद झाला. महासंघाने समवयस्कांचा संघ उभारला ही तजवीज चांगल्या हेतूचीच होती, आणि अ‍ॅरोजमधून पुढे आलेल्या मुलांची नावे पाहता ती निष्फळ ठरली असेही म्हणता येत नाही. परंतु अनाथालय कितीही सुव्यवस्थित असले तरी त्याची गरज भासणे हेच समाजाच्या वैगुण्याचे लक्षण असते. २०२२ मध्ये तो संघही विसर्जित झाला.

मुलींच्या बाबतीत हाच धडा नेरुळने आणखी ठळकपणे पाहिला आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना याच मैदानावर झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे नमविले. हरलेल्या संघात लिंडा काइसेदो होती. ही मुलगी चौदाव्या वर्षी आपल्या देशात अमेरिका दे काली या क्लबाच्या प्रौढ संघातून खेळली होती. नेरुळला ती आली तेव्हा प्रौढांच्या सामन्यांतले धक्के आणि डावपेच तिच्या अंगवळणी पडलेले होते. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या जुलैत, तिने प्रौढांच्या विश्वचषकात गोल केले. त्याच २०२२ च्या स्पर्धेत भुवनेश्वरला आपल्या मुलींनी अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याकडून मिळून सोळा गोल स्वीकारले. या मुलींना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्यांना क्लबाच्या प्रौढ संघात अटीतटीचे सामने खेळावयास मिळालेलेच नव्हते, त्यांना आपण थेट जगापुढे उभे केले.

आता नवी मुंबईची स्वतःची स्थिती काय आहे ते पाहू. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत घणसोलीच्या परिसरात २०१५ पासून रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी अकादमी चालते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून निवडलेली मुले तेथे शिष्यवृत्तीवर राहतात, शाळा शिकतात आणि फुटबॉलचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतात. खारघरला सिडकोने फुटबॉलसाठी केंद्र उभारले आहे. नेरुळच्या मैदानाचे वर्णन वर आलेच. मुंबई सिटी एफ.सी. या क्लबाने २०१४ आणि २०१५ चे आपले घरचे सामने नेरुळलाच खेळले. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी पुणे सिटीवर ५-० असा विजय मिळविताना आंद्रे मोरित्झने इंडियन सुपर लीगमधली पहिली हॅट्ट्रिक येथेच केली. २०१६ पासून त्या क्लबाचे बिऱ्हाड अंधेरीस हलले. त्यानंतर ६ नोव्हेंबर २०२३ रोजी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीशी खेळण्याच्या निमित्ताने सौदी अरेबियाचा अल-हिलाल नेरुळला आला आणि २-० असा जिंकून गेला.

म्हणजे या शहरात मैदान आहे, अकादमी आहे, प्रेक्षकही आहेत. परंतु या तिहींना एका सूत्रात ओवणारा, सर्वोच्च लीगमध्ये खेळणारा प्रथम संघ शहराचा म्हणून नाही. घणसोलीत वाढलेला मुलगा अठराव्या वर्षी कोठे जातो? मुहम्मद नेमिल एफ.सी. गोवाकडे गेला आणि २०२१ च्या डुरंड चषकात, त्या क्लबाने विजेतेपद मिळविले त्या स्पर्धेत, त्याने गोल केले. आयुष छिकारा मुंबई सिटीकडे गेला. अकादमीच्या दृष्टीने ही यशाची पावती आहे आणि ती तिला मनःपूर्वक द्यावी. परंतु ज्या अकादमीच्या शिरावर तिचाच प्रथम संघ नसतो, तिच्या मुलाला अगदी नाजूक वयात परक्या दारात उभे राहावे लागते. त्या दारातल्या प्रशिक्षकाने त्याला तेराव्या वर्षी पाहिलेले नसते, त्याची वाढ कोठे खुंटली आणि कोठे उसळली याची नोंद त्याच्या दप्तरी नसते, आणि त्यामुळे त्याच्या पहिल्या चुकीकडे पाहावयाची सहानुभूतीची नजरही त्याच्यापाशी नसते.

मुंबईचा जुना इतिहास या बाबतीत क्लेशदायक आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडचा संघ २०१० मध्ये मोडण्यात आला. एअर इंडियाचा संघ परवान्याच्या अटी पुऱ्या न झाल्याने २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. २००७ मध्ये निघालेला मुंबई एफ.सी. २०१६-१७ च्या हंगामाअखेर खालच्या श्रेणीत घसरला आणि पुढे नाहीसा झाला. पुण्याच्या डी.एस.के. शिवाजियन्सच्या अकादमीत घडलेला लालियनझुआला छांगते आज देशाचा अग्रगण्य खेळाडू आहे, पण तो क्लब हयात नाही. मालकाच्या ताळेबंदात क्लब हे एक खाते असते. ते बंद करण्यास सहीचा एक फराटा पुरतो. त्या खात्याबरोबर धाकट्या संघातल्या मुलांचा वारसाहक्कही बंद होतो, याचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

याचा परिणाम कसा होतो, हे राहुल भेकेच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. जादा वेळेत, कॉर्नरवर, भेकेने डोक्याने मारलेल्या एकमेव गोलाने जेतेपदाचा निकाल लागला. भेके हा मुंबईचा मुलगा, मैदान मुंबईचे, पण त्याच्या अंगावरचा सदरा बेंगळुरूचा होता. मुंबई सिटीने त्याला २०२१ मध्ये आपल्याकडे घेतले, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून त्या क्लबाने चषक उचलला तेव्हा संघाचा कर्णधार तोच होता. शेवट गोड झाला हे खरे. परंतु त्यासाठी मुंबईच्या मुलाला तिशीत प्रवेश करीपर्यंत परगावी आपली योग्यता सिद्ध करावी लागली.

येथे प्रशिक्षकांची बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. प्रशिक्षकाचा करार एकदोन वर्षांचा, हंगाम आखूड. चार सामने हरले की त्याची खुर्ची डळमळू लागते. ज्या झाडाला पाच वर्षांनी फळ येणार ते लावण्याचा आग्रह एका वर्षाच्या मुदतीवर आलेल्या माणसास कोणत्या तोंडाने करावा? शिवाय लीगचे नियमही दीर्घकाळ प्रतिकूल होते. आरंभीच्या हंगामांत एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानावर असत. २०१७-१८ पासून पाच, आणि २०२१-२२ पासून चार अशी ती संख्या उतरत आली. ही सुधारणा स्तुत्य आहे. तरीही हे चार परदेशी प्रायः मैदानाच्या मधल्या रेषेवरच उभे केले जातात: बचावाच्या मध्यभागी, मधल्या फळीच्या मध्यभागी आणि आघाडीच्या टोकाला. परिणामी देशी मुलाच्या वाट्याला कडेच्या जागा येतात, आणि गोल मारणारा देशी आघाडीवीर घडत नाही म्हणून आपण दरवर्षी शोक करतो. ज्या जागी मुलाला उभेच केले नाही, त्या जागेचे कसब त्याच्या अंगी कोठून यावे?

अशा मुलाचा हंगाम कसा जातो, हे मी जवळून पाहिले आहे. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तो मोठ्यांबरोबर सराव करतो. सरावसामन्यात दुसऱ्या फळीच्या रंगीत बिब्स घालून पहिल्या फळीला त्रास देणे हे त्याचे काम. शनिवारी यादीत नाव लागते, म्हणून घरी फोन होतो आणि घरची माणसे दूरदर्शनसमोर बसतात. सामनाभर तो मैदानाच्या कडेने धावून अंग गरम ठेवतो. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला, संघ एका गोलाने पुढे आणि सर्व जण मागे खेचलेले असताना, त्याला आत पाठविले जाते. चेंडू दोनदा पायाशी येतो, त्यातला एक पास चुकतो आणि त्यातून प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. गोल होत नाही, सामना जिंकला जातो. पण पुढच्या पाच शनिवारी यादीत त्याचे नाव नसते. त्याला कोणी रागावत नाही, त्याच्याशी कोणी बोलतही नाही. अशा रीतीने तीन हंगाम गेले, की तो ‘तयार नव्हता’ असा शेरा मारून त्याचा करार संपविला जातो. तयारी ज्या एका गोष्टीने होते ती त्याला नाकारून, तयारी नसल्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे हा उघड अन्याय आहे, आणि तो शांतपणे होतो म्हणून त्याचे अन्यायपण कमी होत नाही.

आपल्या संगीतपरंपरेने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. शिष्य बैठकीत गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो. राग रंगात आला असता गुरू मान किंचित वळवितो आणि शिष्याला एखादे आवर्तन गाऊ देतो. त्याचा सूर डगमगला तर गुरू तो सावरून घेतो, आणि श्रोत्यांना ठाऊक असते की आज जो मागे बसला आहे तोच उद्या पुढे बसणार आहे. गुरू थकल्यावर किंवा आजारी पडल्यावर शिष्याला पुढे ढकलण्याची ही रीत नव्हे. गुरूचा गळा ऐन भरात असतानाच ती पाळली जाते. फुटबॉलच्या क्लबानेही आपल्या मुलाला संघ ऐन भरात असताना, दोन खंबीर अनुभवी खेळाडूंच्या मध्ये उभे करून उतरवावे. संघ बुडत असताना, अन्य कोणी उरले नाही म्हणून त्याला उतरविणे ही संधी नव्हे, बळी आहे.

यावर आक्षेप असा घेतला जातो, की मुलांना खेळवायचे म्हणजे विजयावर पाणी सोडायचे. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. मुंबई एफ.सी.चे अनेक वर्षे प्रशिक्षक राहिलेले खालिद जमील २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या आयझॉल एफ.सी.कडे गेले. त्या संघाचा कणा मिझो मुलांचा होता. सोबत मोजके परदेशी, आणि मुंबईत जमील यांच्याच हाताखाली खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता. या संघाने लक्ष्मीपुत्र क्लबांना मागे टाकून आय-लीग जिंकली. हेच जमील २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्यात आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली डेंपो क्लबाने पाच राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी गोव्याचीच माणसे त्या संघाचा आधार होती. त्याच डेंपोच्या धाकट्या संघांतून वर आलेला मंदार राव देसाई पुढे एफ.सी. गोवाचा कर्णधार झाला. मूळचा कडेचा आघाडीवीर; पण प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला डाव्या बाजूच्या बचावात उभे करून त्याच्यातला दुसराच खेळाडू बाहेर काढला, आणि २०२०-२१ मध्ये लोबेरांच्याच मुंबई सिटीने साखळी व चषक अशी दोन्ही विजेतेपदे पटकाविली तेव्हा मंदार त्यांच्याबरोबर होता. संधी म्हणजे निव्वळ मिनिटे नव्हेत. मुलाचा पिंड ओळखून त्याला योग्य जागा शोधून देणे हाही संधीचाच भाग आहे.

शिरस्ता कसा असतो याचे उत्तम उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे आहे. ३० ऑक्टोबर १९३७ पासून त्या क्लबाच्या प्रत्येक सामन्याच्या संघात आपल्या धाकट्या संघातून आलेला निदान एक खेळाडू राहिला आहे; डिसेंबर २०१९ मध्ये अशा सामन्यांची संख्या चार हजारांवर पोहोचली. मध्ये महायुद्ध आले, १९५८ चा म्युनिकचा विमान अपघात आला, किती प्रशिक्षक आले आणि गेले, कधी जेतेपदे मिळाली तर कधी खालच्या श्रेणीतही जावे लागले. शिरस्ता मोडला नाही. स्पेनमधील अ‍ॅथलेटिक बिल्बाओ तर बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तेथे फुटबॉल शिकलेल्या खेळाडूंवरच आपला संघ उभारतो. आणि ज्यांना शिरस्ता नाही त्यांच्यासाठी युरोपीय महासंघाने २००६-०७ पासून नियम केला. त्यानुसार आज पंचवीस जणांच्या यादीत आठ जागा देशात किंवा क्लबात घडलेल्यांसाठी राखाव्या लागतात, आणि त्यांपैकी चार क्लबातच घडलेल्यांसाठी असतात.

या नियमातली एक बाब नवी मुंबईच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. ‘घडलेला’ कोणाला म्हणावे, याची कसोटी जन्म ही नाही, राष्ट्रीयत्वही नाही. पंधरा ते एकवीस या वयातली तीन वर्षे ज्याने तेथे शिक्षण घेतले तो तेथला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर वसविले. ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आणि मिठागरांवर येथील मनोरे उभे राहिले त्या आगरी-कोळी कुटुंबांची मुले येथे आहेत. साताऱ्याकडून बाजारपेठेत आलेल्या माथाडी कामगारांची मुले आहेत. केरळ, बंगाल आणि ईशान्य भारतातून आलेल्यांचीही आहेत. यांच्यापैकी कोण घरचा आणि कोण बाहेरचा, हा वाद या शहरात घालू नये. ज्याच्या पायाला येथील मैदानाची माती लागली, तो या शहराचा खेळाडू. मात्र ती माती त्याच्या पायाला लागावी म्हणून कुंपणाचे फाटक उघडे असले पाहिजे. दिवाळे गावातल्या कोळ्याच्या मुलाला नेरुळचे मैदान केवळ रस्त्यावरून दिसत असेल, तर शहराने त्याचे देणे फेडलेले नाही.

घरच्या संघावरची माया काय करू शकते, हे पाहावयाचे असेल तर कोल्हापूरला जावे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठाच्या पेठा ओस पडतात. गल्लीत चेंडू तुडविणारा मुलगा तालमीच्या संघात येतो, आणि त्याच्या पहिल्या सामन्याला त्याला पाळण्यापासून ओळखणारी माणसे हजर असतात. अलीकडे तेथेही बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणण्याची चढाओढ लागली आहे. तरीही पेठेतल्या पोराने गोल मारल्यावर उठणारा जल्लोष निराळाच असतो, कारण त्या गोलात प्रेक्षकाचाही वाटा असतो. २०२५ मध्ये व्यापारी हक्कांच्या करारावरून इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही, तेव्हा सारे क्लब हवालदिल झाले. अशा प्रसंगी मोठ्या मोबदल्याचे खेळाडू आपापल्या वाटेने जातात, आणि तो त्यांचा हक्कच आहे. क्लबाजवळ तेव्हा उरतात ती त्याने वाढविलेली मुले आणि त्यांच्यासाठी येणारी माणसे.

आता उपायांविषयी काही निश्चित सूचना करतो. पहिली सूचना हिशेबाची. प्रत्येक क्लबाने वर्षाच्या जमाखर्चाबरोबर मिनिटांचा जमाखर्चही प्रसिद्ध करावा: आपल्या धाकट्या संघातून आलेल्या, एकवीस वर्षांखालील कोणत्या खेळाडूला कोणत्या जागी किती मिनिटे खेळविले, हे प्रेक्षकांना कळू द्यावे. जी गोष्ट मोजली जात नाही तिची जबाबदारी कोणी घेत नाही. दुसरी सूचना कराराची. धाकट्या संघातील अमुक खेळाडूंना प्रथम संघात रुजविणे हे प्रशिक्षकाच्या करारातच कलम म्हणून घालावे, आणि त्या कलमाच्या पालनात गेलेल्या गुणांबद्दल त्याची नोकरी जाणार नाही अशी हमी व्यवस्थापनाने द्यावी. तिसरी सूचना दुसऱ्या संघाविषयी. क्लबाच्या दुसऱ्या संघाने मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये पहिल्या संघाच्याच पद्धतीने खेळावे, म्हणजे वर जाणाऱ्या मुलाला नवी भाषा शिकावी लागणार नाही. आणि जो उसना म्हणून दुसऱ्या क्लबाला दिला जाईल, त्याची विचारपूस दर पंधरवड्यास मूळ क्लबाने करावी.

चौथी सूचना न निवडल्या गेलेल्या मुलांविषयी आहे, आणि तिला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो. वीस मुलांच्या तुकडीतून दोघेतिघे प्रथम संघापर्यंत पोहोचले तरी ती तुकडी यशस्वी मानली जाते. उरलेल्या सतरांचे काय? त्यांचे शालेय शिक्षण पुरे करणे, त्यांना पंच, मार्गदर्शक, भौतिकोपचारतज्ज्ञ होण्याच्या वाटा दाखविणे, आणि नकार द्यावयाचा तर तो समोर बसवून, कारणे सांगून देणे हे संस्थेचे नैतिक ऋण आहे. बारा ते तेवीस या वयात खेळाडूला शिकविणाऱ्या क्लबांना, त्याच्या पुढच्या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या रकमेतून पाच टक्के वाटून देण्याचा जागतिक महासंघाचा नियम आहे. क्लबाने केलेल्या संगोपनाचे मोल नियमाने मान्य केले आहे. मुलाने दिलेल्या वर्षांचे मोल क्लबाने स्वतःहून मान्य केले पाहिजे.

पाचवी सूचना सिडको आणि नवी मुंबई महानगरपालिका यांना आहे. खेळासाठी राखलेले भूखंड आणि सार्वजनिक पैशांतून उभारलेली केंद्रे ज्यांना वापरावयास द्यावयाची, त्यांच्याशी करार करताना महापालिकेच्या शाळांतल्या मुलामुलींसाठी खुल्या निवडचाचण्या, आणि निवडलेल्यांसाठी विनामूल्य प्रशिक्षण, अशी अट स्पष्ट शब्दांत घालावी व तिच्या अंमलबजावणीचा अहवाल दरसाल मागवावा. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम करतो. त्यांच्या बाबतीत धाकटे संघच विरळ, मग वर चढण्याचा जिना कोठून असणार?

शेवटची सूचना आपणा प्रेक्षकांना, म्हणजे मला स्वतःला आणि आपणा सर्वांना आहे. विकत आणलेल्या आघाडीवीराने समोरची संधी दवडली तर आपण हळहळतो, आणि घरच्या मुलाने तीच दवडली तर त्याला बाहेर काढा म्हणून ओरडतो. प्रशिक्षकाचे धैर्य गॅलरीतल्या आवाजावर पोसले जाते, आणि गॅलरी अधीर झाली तर कोणताही नियम आणि कोणतेही कलम त्या मुलाला वाचवू शकत नाही. म्हणून आपल्या शहराच्या मुलाला चुकण्याचा अवकाश देणे, त्याच्या पहिल्या दहा सामन्यांत त्याच्या पाठीशी उभे राहणे आणि क्लबांना मिनिटांचा हिशेब विचारीत राहणे, एवढे व्रत आपण येथून उठताना घ्यावे. ज्या शिक्षकांच्या नावाने आपण जमलो आहोत त्यांची चौकशी ती हीच होती, आणि ती पुढे चालविण्याचा अधिकार आता तुमचा आमचा आहे.